कॅपिबारा इतका निवांत कसा?

नागपूरहून फोन आला की हल्ली फुटबॉलच्या आधी कॅपिबाराची चौकशी होते. बर्डीच्या बाजारात त्याच्या बाहुल्या, किचेन, कंपास सगळं मिळायला लागलंय म्हणे. धरमपेठेतल्या भाचीने परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मामा, तो मगरीजवळ बसते ना, मग त्याला भीती नाही वाटत का?" प्रश्न इतका चांगला आहे की सविस्तरच लिहितो.

मी राहतो ते कॅम्पिनास, ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात. इथल्या तळ्यांकाठी कॅपिबारांचे कळप उघड्यावर चरतात. उंदीर, घूस, खार ज्या गणात मोडतात त्याच गणातला हा जगातला सर्वांत मोठा प्राणी. वजन साधारण 35 ते 65 किलो, मादी नरापेक्षा थोडी जडच. डोळे, कान, नाकपुड्या सगळं डोक्याच्या वरच्या बाजूला, त्यामुळे आपल्याकडच्या तलावात बसलेल्या म्हशीसारखं अख्खं अंग पाण्यात बुडवून तो तासन्‌तास राहतो. बोटांमध्ये अर्धवट पडदे असतात. पाण्याखाली दम धरला तर पाच मिनिटांपर्यंत वर येत नाही.

तर भाची, त्याला भीती वाटते, चांगलीच वाटते. बिबट्यासारखा दिसणारा जॅग्वार आणि अ‍ॅनाकोंडा त्याला खातात. केमन म्हणजे इथली मगर पिल्लांवर टपलेली असते. पूर्ण वाढलेला कॅपिबारा मात्र बहुतेक केमनांना झेपत नाही, म्हणून तसे व्हिडिओ दिसतात. त्याचा निवांतपणा दोन गोष्टींवर उभा आहे, पाणी आणि कळप. कळपात दहा-वीस जण, कोरड्या ऋतूत पाणी आटलं की एका डबक्याभोवती शंभरही. मागे एक कुत्रं सुटून तळ्याकडे धावलं. एका मादीने भुंकल्यासारखा आवाज काढला आणि माना घालून चरणारा कळप बघता बघता पाण्यात. पिल्लं मध्ये, मोठे कडेने. काठावर फक्त चेपलेलं गवत उरलं.

खाणं दिवसाला तीनेक किलो गवत. गवत कुजवून पचवणारी पिशवी याच्या पोटात लहान आतड्याच्या नंतर असते, म्हणजे तिथे तयार झालेलं बरंचसं सत्त्व शोषलं न जाताच बाहेर पडतं. म्हणून सकाळी तो स्वतःची मऊ विष्ठा पुन्हा खातो. किळस करू नका, गवतावर एवढं अंग पोसायचं तर हाच मार्ग आहे. दातही गवताने सतत झिजतात, म्हणून पुढचे काय नि दाढा काय, जन्मभर वाढत राहतात.

पिल्लं पोटात पाचेक महिने वाढतात, होतात एका वेळी साधारण चार. जन्मताच अंगावर केस, डोळे उघडे, आठवड्याभरात गवत खायला सुरुवात. कळपातल्या कुठल्याही आईला ती लुचतात आणि ती पाजते. मला यांच्यातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

शहरात जॅग्वार नाही, हिरवळ भरपूर, शहराबाहेर ऊस. त्यामुळे संख्या वाढते आणि काळजीही. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून इथे ठिपक्यांचा ताप (स्पॉटेड फीव्हर) पसरतो. त्याच्या जीवाणूने कॅपिबारा सहसा आजारी पडत नाही, पण लागण झालेल्याच्या रक्तात तो काही दिवस राहतो आणि तेवढ्यात नव्या गोचिडींना मिळतो. दरवर्षीची नवी पिल्लं म्हणजे लागण न झालेले नवे प्राणी, म्हणून हे चक्र थांबत नाही. माणसाला मात्र हा ताप जीवघेणा ठरतो. यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं, पण ते पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हायला हवं.

तेव्हा इकडे कोणी येणार असाल तर फोटो लांबूनच काढा, गवतात बसू नका, घरी आल्यावर पायमोजे आणि गुडघ्यांच्या मागची जागा नीट तपासा. नागपूरला परतल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना तळ्याकाठी फिरल्याचं आणि गोचिडींचं आधी सांगा.