आबा शाळेत बोलायचे

आमच्या घरात युद्धाचा विषय कधी निघालाच नाही. आबा, म्हणजे माझे आजोबा, १९७१ च्या लढाईत होते हे आम्हा भावंडांना कळलं ते माडीवरच्या काळ्या ट्रंकेवरून. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली होती. दर महिन्याला पेन्शनीसाठी वडूजला त्यांची फेरी असायची, तेवढाच काय तो फौजेशी उरलेला संबंध. एरवी त्यांच्या बोलण्यात बैल, विहिरीची पातळी, बटाट्याचं बेणं आणि घेवड्याचा भाव. लढाई आम्ही ऐकली ती हायस्कूलच्या गॅदरिंगमध्ये, मांडवात सतरंजीवर बसून, सगळ्या गावाबरोबर. माझ्या वडिलांनीसुद्धा ती तिथंच ऐकली.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. येरळा नदी जवळ, पण तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. सातारा जिल्ह्याच्या या दुष्काळी पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत असायचा, कारण जमीन एवढ्या तोंडांना पुरत नव्हती. धाकट्यानं शेत बघायचं आणि थोरल्यानं बेळगावला भरतीला जायचं, किंवा उलट. त्यामुळे गावात निवृत्त झालेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणायची पद्धत. आबा हवालदार म्हणून पेन्शनीवर आले, पण बैलांना पाणी पाजायला निघाले तरी पारावरून हाक यायची, ‘‘काय मेजर, रामराम!’’

हायस्कूल रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी संस्था काढली आणि आमच्यासारख्या गावांत शिक्षण पोचलं. त्यामुळे २२ सप्टेंबरची कर्मवीर जयंती हा आमच्याकडे पोळ्याइतकाच घरचा सण. कर्मवीरांची प्रतिमा फुलांनी सजवलेल्या ट्रॅक्टरवर, पुढं लेझीम, झांजपथक आणि हलगी, दारादारात सडा. आया-बाया प्रतिमेला ओवाळायच्या आणि झेंडा धरणाऱ्या पोराच्या कपाळालाही कुंकू लावायच्या. त्या मिरवणुकीत आबा कडेनं चालायचे, रांग वाकडी झाली की हाताच्या नुसत्या खुणेनं सरळ करायचे.

जानेवारी उजाडला की मात्र शाळा त्यांची व्हायची. २६ जानेवारीच्या संचलनाची तयारी हेडसर त्यांच्यावर सोपवायचे. धोतर, बंडी, डोक्याला टापर अशा वेशात आबा थंडीत मैदानावर यायचे आणि ‘‘सावधान!’’ म्हणायचे. तो आवाज घरात कधीच ऐकू येत नसे. ‘‘दाहिने मुड! तेज चल! थम!’’ पोरं अनवाणी असायची, पावलांचा आवाज एकसारखा येत नसे. आबांनी त्यावर उपाय काढला होता. मैदानाच्या एका पट्ट्यावर ते बारीक मुरूम टाकून घ्यायचे, म्हणजे टाच आपटली की करकर वाजायचं आणि कोण चुकतंय ते पोराला स्वतःलाच कळायचं. मारणं सोडाच, त्यांनी कधी कुणावर हातही उगारला नाही. पाय चुकवणाऱ्या पोराला ते आपल्या शेजारी घेऊन चालायचे, जमेपर्यंत.

ध्वजवंदनाच्या दिवशी ट्रंक उघडायची. इस्त्री केलेला कोट, गडद हिरवी टोपी, तिच्यावरचा लाल-हिरवा तुरा. छातीवर १९७१ च्या लढाईची दोन पदकं, ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’. मेडलं आदल्या रात्री आजी चिंचेच्या कोळानं आणि राखुंडीनं घासायची, फितीला ओल लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून. ते काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

आणि मग गॅदरिंग. त्याची धामधूम महिनाभर आधी सुरू व्हायची. वर्गातली बाकं ओढून एकाला एक जोडायची आणि वर फळ्या टाकायच्या, झालं स्टेज. पडदा म्हणजे गावातल्या बायकांची लुगडी. गणित शिकवणारे सर पेटी वाजवायचे. फनफेअरला आमच्या वर्गाची भेळ हमखास आधी संपायची, कारण पोरंच खायची. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी, नाहीतर दोनशे पानी वही. त्या वाट्या आजही आमच्या गावात घरोघर आहेत, नाव कोरलेल्या.

बक्षीस समारंभाच्या आधी आबांचं भाषण ठरलेलं. भाषण कसलं, ते उभं राहून बोलायचे, एवढंच. सुरुवात नेहमी नामदेव जाधवांपासून. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचा शेतकऱ्याचा मुलगा, जंगी पलटणीचा, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनचा शिपाई, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी एका जखमी साथीदाराला उचलून खोल पाण्यातून, सुरुंगाच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं. परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं. मग एकट्यानं तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बंधाऱ्यावर चढून शिवरायांच्या नावाचा जयजयकार करत साथीदारांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘‘आमच्या पलटनीचा माणूस,’’ एवढं म्हणून आबा क्षणभर थांबायचे. स्वतःबद्दल बोलायच्या आधी दुसऱ्याचं सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता होता.

मग जमालपूर. पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आताच्या बांगलादेशातलं ब्रह्मपुत्रेकाठचं गाव. तिथं पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पक्की बसली होती. पहिली मराठा, तीच जंगी पलटण, कर्नल ब्रार यांच्या हाताखाली नदी ओलांडून त्यांच्या पाठीमागं गेली आणि दक्षिणेचा टांगाईलचा रस्ता अडवून बसली. एवढं आबा दोन वाक्यांत संपवायचे. मग खरं बोलायला लागायचे ते जमिनीबद्दल.

‘‘लेकरांनो, तिथली माती अशी हाय की मूठ भरली तर हाताला खडा लागत न्हाय. आपल्याकडं नांगराला फाळ टिकत न्हाय, अन् तिथं मोर्चा खांदायला घेतला की हातभरावर पानी. भात काढून झालेलं. प्रत्येक घरामागं तळं, तळ्यात मासं. आन घरात मानूस न्हाय.’’ मग सांगायचे, एका शेतात कापलेल्या भाताच्या पेंढ्या तशाच पडलेल्या. मालक पळून गेला की मेला, कुणास ठाऊक. पलटणीतल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या पोरांना तेच दिसत होतं. कुणी तरी जाता जाता पाण्यातली पेंढी उचलून बांधावर ठेवली, मग मागच्यानं दुसरी ठेवली. मी पुढं त्या लढाईबद्दल मिळेल ते वाचलं. त्या पेंढ्या कुठल्याच इतिहासात मला सापडल्या नाहीत.

निरोप्याची गोष्ट पोरांना सगळ्यात आवडायची. १० डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी वेढ्यातल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून पत्र लिहिलं. ते घेऊन गेला मुक्तिवाहिनीतला, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांतला, जहीरुल हक मुन्शी, पांढरं निशाण घेऊन, शेतकऱ्याच्या वेशात. त्यानं मार खाल्ला, पण उत्तर घेऊन परत आला. पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदनं उलट पत्र लिहून त्यात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली होती. पुढं याच रात्री बलुच पलटण वेढा फोडायला मराठ्यांच्या मोर्चावर पुनःपुन्हा चालून आली. आबा त्या रात्रीबद्दल बोलायचे नाहीत. ‘‘लई झालं,’’ म्हणायचे आणि पुढं जायचे. पोरं विचारायची, तुम्ही किती मारले? आबा म्हणायचे, ‘‘मी मुन्शीचं सांगितलं ते ध्यानात ठेवा. हातात काठी न्हाय, बंदूक न्हाय, आन गेला.’’ मला त्यांचं हे उत्तर फार थोर वाटतं. पोरांसमोर मर्दुमकी सांगायची सोय असताना त्यांनी ती कधी घेतली नाही.

शेवट टांगाईलला व्हायचा. ११ डिसेंबरला आपले छत्रीवाले, म्हणजे पॅराशूटचे जवान, तिथं उतरले होते, २ पॅरा. ही पलटण मूळची तिसरी मराठा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुंगळी पुलावर पहिली मराठा त्यांना जाऊन मिळाली. हे सांगताना आबा हसायचे. परक्या देशात, दिवस मावळताना, समोरून माणसं यावीत आणि एकमेकांची गावं विचारावीत. ‘‘वाळव्याचा निघाला, पाटणचा निघाला, एक तर आपल्या औंधाच्या शेजारचा. त्येनं मला इचारलं, यंदा यमाईच्या जत्रेला रजा घावंल का रं?’’ इथं मांडवातल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. टाळ्या पडायच्या. आबा सॅल्यूट करायचे आणि आपल्या खुर्चीत बसायचे.

पुढं १९९८ पासून कराडला विजय दिवस समारोह सुरू झाला. दर वर्षी डिसेंबरात १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून तिथं सैनिकी कसरती, शोभायात्रा होतात, शिवाजी स्टेडियम माणसांनी भरून जातं. हेडसर शाळेच्या पोरांना एसटीनं घेऊन जायचे आणि पुढच्या सीटवर आबा. तिथं त्यांना पलटणीतली माणसं भेटायची. कुणाला नीट दिसत नाही, कुणाचा हात थरथरतो. मांडवाच्या कडेला घोळका करून बसायचे आणि अर्धा वेळ ठिबक सिंचनाचं अनुदान, लेकीची सोयरीक आणि आल्याचा भाव. हे ऐकायला मी मुद्दाम त्यांच्यामागं बसायचो. लढलेल्या माणसांची ती बैठक मला व्यासपीठावरच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाची वाटायची.

आता आजीचं. ती दर वर्षी गॅदरिंगला यायची, बायकांत बसायची, आबांचं ऐकायची. एका वर्षी नव्या आलेल्या बाईंनी, मराठी शिकवायच्या त्या, परस्पर ठरवलं की यंदा आजींनीही बोलायचं. आजीनं ‘‘मला काय येतंय?’’ म्हणून पदर तोंडाला लावला. पण बाई खाली उतरून आल्या आणि हाताला धरून घेऊन गेल्या. माईक तिच्या उंचीला खाली करायला वेळ लागला, तेवढ्यात ती सावरली.

‘‘ह्येंची लढाई तुमाला ठाव हाय. मी बहात्तरचं सांगते,’’ ती म्हणाली.

१९७२ चा दुष्काळ आमच्या भागात अजून वयाचं माप म्हणून वापरतात, बहात्तरच्या आधीचा की नंतरचा असं. लढाई जिंकून वर्ष होत नाही तोवर पाऊस दगा देऊन गेला. जनावरं छावणीला लावली, माणसं दुष्काळी कामावर. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. आजी कडेवर माझे वडील, डोक्यावर पाटी, अशी तिथं जायची. दुपारी पोरांना सुकडी मिळायची. धान्य म्हणून रेशनला अमेरिकेचा मिलो, लालसर ज्वारी. आबांची मनीऑर्डर महिन्याला येत होती. ती आजीनं आणि धाकट्या आजोबांनी मिळून विहिरीत घातली, खोली वाढवायला. पाऊस कधी ना कधी पडेल, तेव्हा विहीर तयार पाहिजे, असा तिचा हिशेब होता.

‘‘पत्रात लिव्हलं, हिकडं समदं ठीक हाय. ९९ एपीओला, फौजेच्या पत्त्यावर, काय लिव्हायचं, की खायला न्हाय? तिथं ह्येंच्या हातात बंदूक. ध्यान हिकडं लागलं म्हंजे? मनीऑर्डर हिरीत गेली आन आमी मिलो खाल्ला.’’

मांडवात कुणी हललं नाही. मी स्टेजवर आबांकडं बघत होतो. विहीर आपल्या पैशांनी खोल झाली हे त्यांना ठाऊक होतंच. ते रजेवर आले तेव्हा ती दाखवूनही झाली होती. पण तेवढे महिने घरानं काय खाल्लं, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी त्यांनी ते आमच्याबरोबर ऐकलं, शाळेच्या स्टेजवर बसून. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि आजीचं बोलणं संपेपर्यंत परत घातली नाही.

पुढच्या वर्षापासून स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या आणि निमंत्रणपत्रिकेत दोघांची नावं. आजीचं बोलणं दर वर्षी वाढत गेलं, कारण पोरींचे प्रश्न वाढत गेले. आबांना लढाईबद्दल विचारताना पोरं बिचकायची, आजीला मात्र काहीही विचारायची. तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही केवढ्या होता? पत्र कुणाकडून लिहून घ्यायचा? मिलोची भाकरी कशी लागायची? आजी माईक सोडून स्टेजच्या कडेला खाली बसायची आणि हातानं दाखवायची. मिलोच्या पिठाला चिकटपणा नाही, थापताना भाकरी कडेनं तुटते, म्हणून पाणी आधी चांगलं उकळून पिठात घालायचं, चटका सोसत मळायचं आणि भाकरी जरा जाड ठेवायची. ‘‘आन कोरड्यास न्हाय मिळालं, तर?’’ एकीनं विचारलं. ‘‘तर मीठ-मिरची. आन ती बी न्हाय मिळाली तर गरम हाय तवर खायची,’’ आजी म्हणाली, आणि तिच्याभोवती गोळा झालेल्या पोरींना म्हणाली, ‘‘इचारा अजून, मला घाई न्हाय.’’