सहावा विषय

नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. कोणता विषय अवघड आणि कोणता महत्त्वाचा, याविषयी मुलांची मते जून महिन्यातच पक्की झालेली असतात. गणित अवघड आहे आणि अवघड आहे म्हणूनच ते महत्त्वाचे आहे, विज्ञान पुढे ‘सायन्स’ला जायचे म्हणून हवे, इंग्रजीची धास्ती वाटते, पण त्यातून सुटका नाही, संस्कृत ‘स्कोअरिंग’ आहे, आणि माझ्या विषयांबद्दल ठरलेले वाक्य असे, की “मॅडम, भूगोल तर एका रात्रीत होऊन जाते.”

हे मत मुलांनी विषय अनुभवून बनवलेले नाही, ते त्यांनी मोठ्यांकडे पाहून बनवलेले आहे. घरातील पैसा कोणत्या शिकवणीवर खर्च होतो आणि परीक्षेच्या आधी आई-वडील कोणत्या वहीची चौकशी करतात, हे मुले फार बारकाईने पाहतात. धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत गणित-विज्ञानाच्या शिकवणीच्या पाट्या जागोजागी दिसतात, भूगोलाची स्वतंत्र पाटी मी आजवर पाहिलेली नाही. त्यात दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढली जात असल्यामुळे एक विषय हिशेबातून गळणार, हे मुलांना आधीपासूनच ठाऊक असते. तो सहावा विषय कोणता असेल, हे पुष्कळ जण वर्षाच्या सुरुवातीलाच मनाशी ठरवून टाकतात, आणि मग त्या विषयाच्या तासाला त्यांचे शरीर तेवढे वर्गात असते.

गणिताची भीती खोटी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. गणितात एक पायरी सुटली की पुढच्या सगळ्या पायऱ्या डळमळतात. पाचवीत अपूर्णांक कच्चे राहिलेला मुलगा दहावीत वर्गसमीकरणापाशी अडतो आणि आपण मुळातच मठ्ठ आहोत असा निष्कर्ष काढतो. इतिहासात शिवकालाचे प्रकरण चुकले तरी स्वातंत्र्यलढा समजू शकतो, तशी सवलत गणित देत नाही. मात्र गणिताच्या शिक्षकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार पुढे येते, ती अशी की बीजगणितातील शाब्दिक उदाहरणे सोडून देणाऱ्या अनेक मुलांना समीकरण सोडवता येते, त्यांना ते मांडता येत नाही. दोन-तीन ओळींच्या मजकुरातून काय दिले आहे आणि काय शोधायचे आहे, हे वेगळे करणे हे वाचनाचे काम आहे. सेमी-इंग्रजीच्या तुकडीत तर हाच मजकूर इंग्रजीत येतो आणि अडचण दुप्पट होते. ज्या मराठीला ‘आपलीच भाषा, त्यात काय वाचायचे’ म्हणून बाजूला ठेवले, तिच्याच अभावाची किंमत मुले गणिताच्या पेपरात मोजतात, आणि निकाल लागल्यावर दोष पुन्हा गणितालाच देतात.

सोपे मानलेले विषय खरोखर किती सोपे आहेत, हे २०१९ साली सगळ्यांनी पाहिले. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे २० गुण काढून टाकले होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, आणि आपला नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांसह राज्यात सर्वांत खाली राहिला. पुढच्या परीक्षेपासून ते गुण परत सुरू झाले, निकालही वर आला आणि चर्चा थांबली. ती थांबायला नको होती, असे मला आजही वाटते. ज्या विषयांत नापास होण्याची कल्पनाही कोणी केली नव्हती, त्यांत मुलांना स्वतःच्या शब्दांत चार वाक्ये लिहिणे जड जात होते, आणि ही उणीव तोंडी परीक्षेच्या गुणांखाली वर्षानुवर्षे झाकली गेली होती.

२०२० मध्ये टाळेबंदीमुळे दहावीचा शेवटचा, म्हणजे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. त्या परिस्थितीत निर्णय योग्यच होता. पण तेव्हापासून “भूगोलाशिवायही निकाल लागतोच ना” हा युक्तिवाद मला वर्गात ऐकावा लागला आहे.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे आणि पहिलेच प्रकरण ‘क्षेत्रभेट’ हे आहे. प्रत्यक्ष भेटीला न जाता क्षेत्रभेटीची प्रश्नावली पाठ करणारी मुले पाहिली की मला फार वाईट वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले आणि कित्येकांचे संसार भिजले. त्यानंतरच्या आठवड्यात मी जलप्रणालीचा पाठ ॲमेझॉनऐवजी नाग नदीपासून सुरू केला. पाणी कोठून आले, कोठे अडले, उतार कोणत्या दिशेला आहे, नदीच्या काठाने काय काय बांधले गेले आहे, असे प्रश्न मुलांनी स्वतः विचारले. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या एका मुलीने आपल्या गल्लीचा नकाशा काढून पाणी कोणत्या घरापर्यंत आले ते दाखवले. ‘एका रात्रीत होऊन जाते’ हे वाक्य त्या आठवड्यात कोणी उच्चारले नाही. विषय त्यांना अचानक अवघडही वाटू लागला आणि महत्त्वाचाही, आणि या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या, हे मला विशेष वाटते.

माझे काही माजी विद्यार्थी आज शहरातील अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करतात. ते भेटायला येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत राज्य मंडळाची इतिहास-भूगोलाचीच पाठ्यपुस्तके असतात, पुन्हा विकत घेतलेली आणि ओळ न् ओळ अधोरेखित केलेली. पंधराव्या वर्षी सहावा ठरवलेला विषय त्यांना पंचविशीत पहिल्या पानापासून वाचावा लागतो. त्यांच्यापैकी जे तयार असतील त्यांना मी यंदा दहावीच्या वर्गात बोलावणार आहे, आणि पालकसभेतही त्यांना बोलू द्यावे अशी विनंती मुख्याध्यापकांकडे केली आहे.