पहिल्या बोलीत पिचर का नाही?

"ताई, ऑक्टोबर आला की तुम्ही पिचिंगशिवाय दुसरं काही बोलत नाही. मग मार्चमध्ये ड्राफ्टला बसलं की पिचरवर पैसे टाकताना हात का आखडता घेता?" आमच्या बारा जणांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये (मार्चच्या ड्राफ्टमध्ये खऱ्या खेळाडूंवर बोली लावून कागदावरचा संघ करायचा आणि मोसमातल्या त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवायचे) हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं पिचिंगचं वेड २९ ऑक्टोबर २०१४ च्या रात्रीपासूनचं. तेव्हा आम्ही सॅन होजेत राहायचो आणि आमचा संघ सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे ऑक्टोबरमधल्या अंतिम मालिकेचा, सातवा, शेवटचा सामना कॅन्सस सिटीत होता. बेसबॉलमध्ये षटकं नसतात; सामना नऊ इनिंगचा, आणि प्रत्येक इनिंगला दोन्ही संघांना तीन बाद होईपर्यंत एकेक पाळी. पिचर बदलला जाईपर्यंत प्रत्येक चेंडू तोच टाकतो आणि एकदा काढला की त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून सुरुवात करणाऱ्या पिचरला दोन सामन्यांच्या मध्ये साधारण चार दिवस तरी विश्रांती देतात. आमच्या मॅडिसन बमगार्नरने रविवारी ११७ चेंडू टाकून अख्खा सामना एकट्याने संपवला होता. बुधवारी पाचव्या इनिंगला बुलपेनचं (राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेचं) दार उघडलं आणि तोच बाहेर आला. जायंट्स ३-२ ने पुढे होते. पुढच्या पाच इनिंग त्याने ६८ चेंडूंत काढल्या, एकही धाव दिली नाही. नवव्या इनिंगला दोन बाद झालेले आणि बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर उभी. साल्व्हाडोर पेरेझचा उंच उडालेला चेंडू पाब्लो सँडोव्हालच्या हातात पडेपर्यंत आमच्या घरात कुणी श्वास घेतला नसेल. त्या मालिकेत बमगार्नरने २१ इनिंगमध्ये फक्त १ धाव दिली. एका माणसाच्या खांद्यावर संपूर्ण संघ कसा उभा राहतो, हे मी त्या रात्री पाहिलं.

पण त्याच वर्षी फँटसीतला सर्वांत मौल्यवान पिचर बमगार्नर नव्हता. तो होता लॉस एंजेलिस डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ. २१ विजय, ३ पराभव आणि ईआरए १.७७, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा नाहीत. साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) दोन्ही पुरस्कार त्यालाच. बमगार्नरचा ईआरए होता २.९८, चांगला, पण त्या रांगेतला नाही. ऑक्टोबरच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, मात्र कर्शॉ सेंट लुईसविरुद्ध दोनदा हरला, त्यातल्या पहिल्या सामन्यात आठ धावा देऊन. ज्यांनी कर्शॉवर बोली लावली होती त्यांना त्याचा काडीचाही तोटा झाला नाही, कारण आमची लीग सप्टेंबरअखेर संपते. ऑक्टोबरचा एकही चेंडू फँटसीत मोजला जात नाही. माझं सगळं उत्तर खरं तर इथंच आहे.

हा खेळ १९८० मध्ये न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी सुरू केला. ज्या रेस्टॉरंटमध्ये ते भेटायचे त्याच्या नावावरून त्याला रोटिसरी म्हणतात. दर इनिंगमागे किती जण वॉकवर (चार चेंडू बाहेर गेल्याने फुकट) किंवा हिटवर (चेंडू मारून) बेसवर पोहोचले हे सांगणारा 'व्हिप' हा आकडाही ओक्रेंटचाच. आज तो टीव्हीवर सर्रास दिसतो. आमच्याकडे प्रत्येकाला २६० डॉलर मिळतात आणि त्यात २३ खेळाडू घ्यायचे: १४ बॅटर, ९ पिचर. गुण दहा गोष्टींवर, त्यातल्या पाच पिचिंगच्या: विजय, सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद करणं), ईआरए, व्हिप. निम्मे गुण पिचिंगचे, मग निम्मे पैसे का नाहीत? मी १८० बॅटवर घालते आणि ८० पिचिंगवर, कारण १६२ सामन्यांच्या मोसमात पिचरचा हात टिकेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. २०२४ च्या बहुतेक ड्राफ्टमध्ये पिचरांत पहिलं नाव स्पेन्सर स्ट्रायडरचं निघत होतं. आधीच्या वर्षी त्याने २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट घेतले होते. दोन सामने खेळला आणि कोपराची शस्त्रक्रिया, वर्ष संपलं. बॅटरही जखमी होतात, पण इतक्या वेळा आणि इतक्या लांब नाही.

दुसरं कारण 'विजय' या रकान्याचं, आणि त्याबद्दल मला मनापासून राग आहे. २०१८ मध्ये जेकब डिग्रॉमचा ईआरए १.७० होता, तरी हिशेब १० विजय, ९ पराभव. २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सने १.९७ च्या ईआरएने साय यंग जिंकलं. विजय १०, पराभव १०. त्यांचे संघ धावाच करत नव्हते. अशा पिचरसाठी तुम्ही पूर्ण किंमत मोजता आणि पाचातला एक रकाना त्याचे सहकारी तुमच्यासाठी रिकामा ठेवतात. माझं चाललं तर मी हा रकाना काढून टाकीन.

गेल्या काही वर्षांत माझं मत थोडं बदललंय, हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये तीसहून जास्त पिचरांनी २०० इनिंग टाकल्या होत्या. २०२४ मध्ये फक्त चौघांनी. आता पिचरला पाचव्या-सहाव्या इनिंगला काढायची रीत पडली आहे. त्यामुळे सातव्या इनिंगपर्यंत जाणारा भरवशाचा माणूस दुर्मिळ झालाय आणि तसा एक मी तीस डॉलरपर्यंत घेते. एकच. दुसऱ्यासाठी तेवढे पैसे मोजत नाही. क्लोजरवर (शेवटच्या इनिंगला येऊन सेव्ह मिळवणाऱ्या पिचरवर) तर त्याहून कमी, कारण ते काम एका वाईट आठवड्यात हातचं जातं.

आणि ऑक्टोबरची आठवण मनात ठेवून मार्चमध्ये बोली लावायची नाही, हे मी नव्या मंडळींना कळकळीने सांगते. २०२५ मध्ये योशिनोबू यामामोटोने वर्ल्ड सिरीजमध्ये टोरोंटोविरुद्ध दुसरा सामना एकट्याने संपवला, सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात पुन्हा येऊन ३४ चेंडूंत डॉजर्सला जिंकून दिलं. डॉजर्स आमचे कट्टर प्रतिस्पर्धी, पण मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्या प्लेऑफमध्ये त्याने ३७ इनिंगहून जास्त टाकल्या, त्याही १७३ इनिंगच्या मोसमानंतर. तो भार हाताला लक्षात राहतो. किंमत मात्र लोक टाळ्यांनुसार लावतात.

त्याच मालिकेतला तिसरा सामना अठरा इनिंग चालला. बाराव्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, आणि कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांतला सदतीस वर्षांचा कर्शॉ आत आला. ज्याला ऑक्टोबरने इतकी वर्षं रडवलं, तोच. नेथन ल्यूक्ससमोर तीन बॉल (बाहेर गेलेले चेंडू), दोन स्ट्राइक झाले, आणखी एक बॉल म्हणजे धाव; मग जमिनीवरून सरपटता चेंडू, टॉमी एडमनने उचलून फेकला, बाद. एक बॅटर, इनिंगचा एक तृतीयांश भाग. ना विजय, ना सेव्ह, ना स्ट्राइकआउट. मी सोफ्यावर बसून रडले.