क्रूझवरचं रात्रीचं जेवण: ठरलेली पंगत की मोकळी वेळ?

आठवडाभराच्या या सफरीत जहाजावर रात्रीच्या जेवणाच्या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू होत्या. मुख्य डायनिंग रूमच्या खालच्या मजल्यावर ठरलेल्या वेळेच्या दोन पंगती होत्या, एक पावणेसहाला आणि दुसरी सव्वाआठला. वरच्या मजल्यावर साडेपाच ते साडेनऊ केव्हाही या, अशी मोकळी सोय. मेन्यू दोन्हीकडे तोच, स्वयंपाकघर तेच आणि पैसेही तेवढेच, कारण हे जेवण भाड्यातच धरलेलं असतं. तरीही दोन मजल्यांवरच्या संध्याकाळी अगदी वेगवेगळ्या गेल्या. बुकिंग करताना हा एक छोटासा पर्याय समोर येतो आणि बरेच जण "मोकळी वेळच बरी" म्हणून पुढे सरकतात. तिथे पाच मिनिटं थांबून विचार करावा, यासाठी हा वृत्तांत.

पंगती दोन असतात, कारण सगळे प्रवासी एकाच वेळी डायनिंग रूममध्ये मावत नाहीत. अर्धे जेवत असतात तेव्हा उरलेल्या अर्ध्यांना थिएटरात कार्यक्रम असतो, नंतर अदलाबदल. जहाजाची अख्खी संध्याकाळ या हिशोबावर बेतलेली असते. पहिल्या पंगतीवाल्यांना जेवून रमतगमत कार्यक्रमाला जाता येतं, दुसऱ्या पंगतीवाले आधी कार्यक्रम बघून मग जेवायला येतात. मोकळी वेळ घेतली की हा मेळ आपला आपण घालायचा. जेवणाला दीड ते पावणेदोन तास धरून मागे हिशोब करायचा. साडेआठचा कार्यक्रम गाठायचा तर साडेसहापर्यंत खुर्चीत बसलेलं असावं. उशीर झाला असेल तर बसल्या बसल्या वेटरला वेळ सांगा आणि सूपपासून गोडापर्यंत सगळं एकदमच सांगून टाका. गोडाची ऑर्डर वेगळी घेण्यात जाणारी दहा-पंधरा मिनिटं वाचतात.

क्रूझ कंपन्यांनी या सोयींना दिलेली नावं वेगळी, पण गाभा बहुतेक हाच. नॉर्वेजियननं २००० साली 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणून ठरलेली वेळ काढूनच टाकली. रॉयल कॅरिबियनवर मोकळ्या सोयीला 'माय टाइम', कार्निव्हलवर 'युअर टाइम', सेलिब्रिटीवर 'सिलेक्ट' म्हणतात आणि तिथे ठरलेली पंगतही मिळते. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर मोठी डायनिंग रूमच नाही, सगळी लहान रेस्टॉरंट्स. डिस्नेची तऱ्हा निराळी आहे. वेळ ठरलेली, पण रेस्टॉरंट रोज बदलतं आणि वेटर तुमच्याबरोबर फिरतात. क्युनार्डवर 'ग्रिल' या सर्वांत महागड्या श्रेणीच्या प्रवाशांना स्वतःचं राखीव टेबल असतं, जेवणाच्या वेळेत केव्हाही या. सगळंच मोकळं करण्याचा एक मोठा प्रयोग रॉयल कॅरिबियननं २०१४ साली 'क्वांटम ऑफ द सीज'वर 'डायनॅमिक डायनिंग' या नावानं केला होता. प्रवाशांना रोज रात्रीचं रेस्टॉरंट आणि वेळ आगाऊ बुक करावी लागे. ते फारसं रुचलं नाही आणि कंपनी पुन्हा मुख्य डायनिंग रूम आणि पंगतींकडे वळली. ठरलेल्या पंगतीला जुनाट समजून मोडीत काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्यांना ती हवी असते त्यांना ती मनापासून हवी असते.

बुकिंगच्या वेळी बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण नंतर दुरुस्त करायला त्या जड जातात. लवकरची पंगत आधी भरते. पुष्टीपत्रावर पंगतीपुढे 'वेटलिस्ट' लिहिलं असेल तर जागा अजून पक्की नाही, हे समजून चाला. वेगवेगळ्या केबिनमधल्या नातेवाइकांना किंवा मित्रांना एका टेबलावर बसायचं असेल, तर सगळ्यांचे बुकिंग क्रमांक एकमेकांना जोडून घ्या आणि सगळ्यांनी पंगत एकच निवडली आहे ना, हे पुन्हा तपासा. क्रमांक जोडले पण एका केबिननं मोकळी वेळ निवडली, तर त्यांची नावं वेगळ्याच मजल्यावर जातात. एका टेबलाची तीन टेबलं होतात ती इथेच.

जहाजावर चढल्यावर बहुतेकांचे पाय आधी बुफेकडे वळतात. जेवणाच्या व्यवस्थेत बदल हवा असेल तर त्याआधी डायनिंग रूम गाठा. त्या दुपारी हेड वेटर किंवा मेत्र-डी (डायनिंग रूमचे प्रमुख) दाराशी यादी घेऊन बसलेले असतात. नेमकी वेळ क्रूझ कंपनीच्या ॲपवर किंवा केबिनमधल्या दैनिक पत्रकात दिलेली असते. बदलाच्या जागा थोड्या असतात आणि त्या तिथल्या तिथे वाटल्या जातात. केबिन क्रमांक, माणसं किती आणि काय हवंय ते एका वाक्यात सांगा: "सव्वाआठची पंगत मिळाली आहे, पावणेसहाची हवी, चार जण, दोन लहान मुलं." कारण सांगितलं की बदल होण्याची शक्यता वाढते. हीच विनंती रात्री ऐन जेवणाच्या वेळी केली तर "उद्या बघू" हेच उत्तर मिळणार, कारण तेव्हा त्या माणसाचं लक्ष शंभर टेबलांवर असतं. टेबल क्रमांक मिळाला की लगेच आत जाऊन टेबल बघून या. दोघांची टेबलं कित्येकदा एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात, शेजारच्यांचं बोलणं सगळं ऐकू येतं. डायनिंग रूम जहाजाच्या मागच्या टोकाला असेल तर अगदी शेवटच्या खिडक्यांपाशी इंजिन-पंख्यांची थरथर जाणवते. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्याकडची टेबलं मागावीत.

पहिल्या संध्याकाळी पावणेसात ते साडेसातच्या दरम्यान वरच्या मजल्याच्या दारातली रांग जिन्यापर्यंत आली होती. आत बघावं तर टेबलं रिकामी. रांगेतल्यांचा पारा चढायला एवढं पुरे होतं. पण यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एका वेटरकडे मदतनिसासह साधारण वीस-पंचवीस माणसं असतात. ती सगळी एकाच वेळी बसवली तर सगळ्यांचं सूप एकदम मागवावं लागतं आणि सगळ्यांचंच रखडतं. म्हणून दारावरची माणसं एका वेटरच्या भागात दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं टेबलं भरतात. रिकामी दिसणारी बरीच टेबलं सहा-आठ जणांची असतात आणि रांगेत मात्र जोडपी जास्त. खालच्या मजल्यावर असं होत नाही. पावणेसहाला कोण किती येणार, हे स्वयंपाकघराला आधीच माहीत असतं. पहिला पदार्थ सगळ्यांचा एकत्र निघतो, मग मुख्य जेवण, आणि ताटं गरम पोचतात. मोकळ्या वेळेत ताट गरम हवं असेल तर गर्दीच्या बाहेर जाणं हाच उपाय, म्हणजे सहाच्या आत किंवा आठनंतर. शिवाय "इतरांबरोबर बसलो तरी चालेल" म्हणालात तर रांगेतून कितीतरी लवकर आत घेतात, कारण मोठी टेबलं भरायची असतात.

रांग टाळायला दोन मार्ग आहेत. काही जहाजांवर ॲपमधून आगाऊ वेळ राखून ठेवता येते. काहींवर जहाजावर असताना ॲपमध्ये 'आलो' अशी नोंद करायची, टेबल तयार झालं की फोनवर संदेश येतो. दुसऱ्या प्रकारात नोंद करून लांब फिरायला जाऊ नका. संदेशानंतर थोड्याच मिनिटांत पोचावं लागतं, नाही तर नाव खाली जातं. फोन जहाजाच्या वायफायला जोडलेला नसेल तर संदेश येतच नाही. तासभर ताटकळणारे बहुतेक लोक याच कारणानं ताटकळत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोकळी वेळ घेऊन तिची ठरलेली पंगत करता येते, आणि माझ्या मते बहुतेकांसाठी हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. पहिल्या दिवशी सगळ्या रात्रींसाठी एकच वेळ राखून ठेवा, समजा सव्वासात. पहिल्या जेवणात वेटर आवडला तर निघताना त्याचं नाव आणि टेबल क्रमांक लिहून घ्या आणि दारावरच्या माणसाला सांगा, "रोज सव्वासातला, याच भागात." बहुतेक वेळा हे आनंदानं मान्य होतं. वेटरलाही ओळखीची माणसं हवीच असतात. तिसऱ्या रात्री लिंबू घातलेलं पाणी आणि बिनमिठाचं लोणी न सांगता समोर येतं, आणि ज्या दिवशी बंदरातून उशिरा परतायचं त्या दिवशी वेळ बदलण्याची मुभाही हातात राहते.

या युक्तीला एक अपवाद आहे. कुणाला अन्नाची ॲलर्जी असेल किंवा पथ्य कडक असेल, तर ठरलेली पंगतच घ्या. तिथे हेड वेटर रोज जेवणाच्या शेवटी दुसऱ्या दिवसाचा मेन्यू आणून पेनानं खुणा करून घेतो. काय चालेल, कशातलं काय वगळायचं, हे सगळं आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात पोचतं. सॉस वेगळा करणं, शेंगदाणे किंवा ग्लूटेन नसलेलं भांडं वेगळं ठेवणं याला वेळ लागतो. ऐनवेळी सांगितलं तर वाफवलेल्या भाज्यांवर भागवावं लागतं. मोकळ्या वेळेत रोज नवा वेटर, रोज पहिल्यापासून सांगणं आलं, आणि सांगण्यात एखाद्या रात्री काही सुटतंच. बुकिंगच्या वेळी कंपनीला कळवलं असलं तरी पहिल्या रात्री तोंडी पुन्हा सांगा.

बंदराच्या दिवसांचा हिशोब आधीच मांडा. जहाज सुटायच्या साधारण अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी परत यायचं असतं. सहाला सुटणार असेल तर शेवटचे लोक साडेपाचच्या सुमारास गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावर असतात, आणि पावणेसहाची पंगत त्यांना गाठता येत नाही. ठरलेल्या पंगतीला पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला की बऱ्याच जहाजांवर आत घेत नाहीत, कारण तोवर टेबलाचा पहिला पदार्थ निघून गेलेला असतो. कॅरिबियनमध्ये जहाजं बरेचदा चार-पाचलाच निघतात, तिथे लवकरची पंगत निभावते. भूमध्य समुद्रात आणि अलास्कात बंदरातले मुक्काम कित्येकदा संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात. तिथे मोकळी वेळ किंवा दुसरी पंगत. वेळापत्रकावर प्रत्येक बंदरातून जहाजावर परत यायच्या वेळेपुढे पंगतीची वेळ लिहून बघा. निम्म्याहून जास्त दिवशी तासाभराचंही अंतर उरत नसेल, तर पहिली पंगत घेऊ नका. आणि घड्याळ जहाजाचं पाळा. फोन किनाऱ्यावरच्या नेटवर्कची वेळ आपोआप घेतो, ती जहाजाच्या वेळेपेक्षा तासानं मागे-पुढे असू शकते.

औपचारिक पोशाखाची संध्याकाळ मोकळ्या वेळेवाल्यांना सर्वांत अवघड जाते. सगळे एकाच सुमारास नटून निघतात, वाटेत फोटोंसाठी थांबतात आणि सातला दारात येतात. त्या रात्रीची वेळ मात्र आगाऊ राखून ठेवाच.

लहान मुलं असतील तर सव्वाआठची पंगत टाळलेली बरी. डिस्नेवर दुसऱ्या पंगतीतल्या मुलांना आधी वाढतात आणि मग मुलांच्या क्लबची माणसं टेबलावरूनच त्यांना घेऊन जातात. इतरत्र असं काही आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आठ-दहा जणांच्या कुटुंबानं मोकळ्या वेळेच्या भरवशावर राहू नये. एवढं मोठं टेबल एकदम रिकामं होईपर्यंत वाट बघावी लागते, आणि बऱ्याच ॲपमध्ये इतक्या माणसांचं बुकिंगही होत नाही. एकट्यानं प्रवास करणाऱ्यांना सामायिक टेबलाची ठरलेली पंगत चांगली मानवते. मात्र सोबतचे लोक पहिल्या रात्री आलेच नाहीत आणि आठ खुर्च्यांत दोघंच बसले, असंही घडतं. दुसऱ्या रात्री जेवणाआधीच हेड वेटरला सांगून टेबल बदलून घ्या. हे नेहमीचं काम आहे, संकोच करू नका.

एखाद्या रात्री पैसे भरून वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये किंवा बुफेत जेवणार असाल, तर पंगतीच्या वेटरला आदल्या रात्री सांगा. नाहीतर टेबलावरचे बाकीचे तुमच्यासाठी थांबून राहतात. सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण मुख्य डायनिंग रूममध्ये असतं तेव्हा ते बहुधा सगळ्यांसाठी मोकळंच असतं, त्याचा तुमच्या पंगतीशी संबंध नाही. बहुतेक कंपन्यांत सेवाशुल्क रोजच्या रोज खात्यावर चढतं आणि दोन्ही पद्धतींत सारखंच असतं. त्याशिवाय हातात काही द्यायचं असेल, तर ठरलेल्या पंगतीत शेवटच्या रात्री द्या. मोकळ्या वेळेत त्याच रात्री द्यावं, तो वेटर पुन्हा भेटेलच असं नाही.

शेवटच्या रात्री सव्वाआठच्या पंगतीतून उठेपर्यंत दहा वाजतात, आणि बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा दहा-अकराच्या सुमारास केबिनबाहेर ठेवायच्या असतात. दुसरी पंगत असेल तर सामान जेवणाआधीच बांधून दाराबाहेर ठेवा. सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. बाहेर ठेवलेली बॅग रात्रीच खाली जाते आणि धक्क्यावरच पुन्हा मिळते. दुसऱ्या दिवशी न्याहारी नेहमीपेक्षा लवकर बंद होते, ती वेळ रात्रीच पत्रकात बघून ठेवा.