रविवार, पार्किंग आणि कूलंट

आज गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, घरीच बदललं. जुनं कूलंट काढणं अगदी सोपं. गार इंजिन, रेडिएटरचं झाकण उघडायचं, खालचा ड्रेन सैल करायचा, की घमेल्यात धार सुरू. हिरवं म्हणून भरलेलं पार चहासारखं तांबूस झालं होतं. नळाचं पाणी टॉपअप करत राहिलं की आतून गंज आणि क्षार, दुसरं काय होणार! यावेळी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

खरी मजा नवं भरताना आत अडकलेली हवा काढण्यात. झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू, हीटर फुल गरमवर. पुण्याच्या उन्हात हीटर लावून बसलेला माणूस बघून खालचे काका म्हणाले, "बरा आहेस ना रे?" पण हीटरच्या नळ्यांतली हवा त्याशिवाय निघत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, साधारण 80-85 अंशांना उघडतो. तो उघडला की पातळी झपकन खाली जाते, बुडबुडे येतात, आपण भर घालत राहायची. रेडिएटरचा पंखा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले, की झाकण बंद. गरम असताना ते पुन्हा उघडायचं मात्र अजिबात नाही, आत दाबाखाली शंभरच्या वर तापलेलं पाणी असतं.

जुनं कूलंट लगेच कॅनमध्ये भरलं. त्यातलं ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री चाटतात आणि किडन्या जातात. आमच्या पार्किंगमध्ये तर चार-पाच हक्काने झोपलेली असतात. कॅन गॅरेजवाल्याकडे देईन. उद्या सकाळी गार इंजिनवर कूलंटच्या जादा बाटलीतली पातळी परत बघायची आहे.