अकरावं खातं

स्थानिक संस्थांचं ऑडिट मी बरीच वर्षं करतेय पण हा एक दिवस काही डोक्यातून जात नाही. नगरपालिका कुठली ते सांगत नाही. बँक खात्यांची यादी मागितली तर लेखापालांनी लगेच काढून दिली, दहा खाती, प्रत्येकाचा बँकेच्या स्टेटमेंटशी ताळमेळ केलेला, कागद एकदम व्यवस्थित. माझी पद्धत अशी की ऑफिसने दिलेल्या यादीवर थांबायचं नाही, बँकेलाच पत्र जातं की या संस्थेच्या नावावर असतील तेवढी सगळी खाती कळवा आणि उत्तर थेट आमच्याकडे पाठवा, ऑफिसच्या हातून नको. ते उत्तर त्या दिवशी सकाळी आलं. अकरा खाती.

पोटात गोळाच आला. कारण डिक्सनची केस मला पाठ आहे. अमेरिकेत इलिनॉयमधलं साधारण 16 हजार वस्तीचं गाव, तिथल्या कंट्रोलर, म्हणजे हिशोब सांभाळणाऱ्या अधिकारी, रिटा क्रंडवेल यांनी 1990 मध्ये गावाच्याच नावानं एक जादा खातं उघडलं, नाव असं की वाटावं सांडपाण्याच्या कामाचा राखीव निधी आहे, आणि 2012 मध्ये अटक होईपर्यंत 5 कोटी 37 लाख डॉलर लाटले. ऑडिट होत होतं हो, दरवर्षी! उघड झालं ते 2011 मध्ये त्या लांब रजेवर असताना, त्यांचं काम बघणाऱ्या सहकारी बाईंनी बँकेकडून सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागवली म्हणून.

मी कागद लेखापालांसमोर ठेवला. दोन मिनिटं ते नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, हे खातं मी पहिल्यांदाच बघतोय." खरं बोलत असावेत असं वाटलं, पण वाटण्यावर ऑडिट चालत नाही. स्टेटमेंट मागवलं. जमा भरपूर, सगळ्या अडनिड्या रकमा, आणि खात्यातून पैसे बाहेर गेल्याच्या नोंदी फक्त तीन. त्या तीन नोंदींनी माझा अख्खा दिवस खाल्ला.

शेवटी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून अनामत रजिस्टर निघालं, पुठ्ठा सुटलेला, कडा कुरतडलेल्या. ठेकेदाराच्या बिलातून कापलेली सुरक्षा अनामत, म्हणजे काम नीट झाल्यावर परत द्यायची रक्कम, एकेक करून लिहिलेली, पुढे पेन्सिलीने बारीक टिक, आणि तीन ठिकाणी लाल शाईत 'परत केली'. तारखा जुळल्या, रकमा पैशापर्यंत जुळल्या. चोरी नव्हती. मला खरंच हायसं वाटलं.

पण मग झालं काय होतं? कॅशबुकला बिल पूर्ण खर्ची पडायचं, कापलेल्या अनामतीचा वेगळा चेक या खात्यात जायचा आणि पुस्तकांच्या दृष्टीने तो पैसा तिथे संपायचा. रजिस्टर सांभाळणारे कारकून रिटायर झाले, चार्ज देताना ते कपाटातच राहिलं. कामं पूर्ण झाली, दुरुस्तीच्या हमीची मुदत संपून गेली, लोकांचे पैसे मात्र तसेच पडून, वर साठलेलं व्याजही कुठे जमा दाखवलेलं नाही. रोख पद्धतीच्या हिशोबात देणं दिसतच नाही, फक्त आलं किती गेलं किती, त्यामुळे वार्षिक लेख्यात एकही बेरीज चुकलेली नाही आणि तरी तो लेखा अपुरा. उपार्जन पद्धत, म्हणजे येणं-देणं तयार होतं तेव्हाच नोंदवायची पद्धत, असती तर देय अनामत म्हणून आकडा ताळेबंदात आणावाच लागला असता, आणि तो पैसा आहे कुठे हे कुणीतरी विचारलंच असतं.

लेखापाल हळूच म्हणाले, "अपहार नाहीये मॅडम, तरी ऑडिट रिपोर्टात आक्षेपाचा पॅरा लिहायलाच हवा का?" त्यांचा जीव टांगणीला लागला होता, मला कळत होतं. पण मी हो म्हटलं. जे खातं पुस्तकात नाही त्यातून उद्या कुणी पैसे काढले तर ते कळायला जागाच नाही, आणि सभागृहात तो लेखा मंजूर करणाऱ्या सदस्यांना किंवा कर भरणाऱ्या माणसाला हे ऑडिटमधूनच कळणार, दुसरीकडून नाही. पॅरात पहिलंच वाक्य मी असं लिहिलं की तिन्ही परतावे तपासले, बरोबर आहेत. कुणाबद्दलही उगाच संशय राहायला नको होता.

संध्याकाळी मी फाईल बांधत होते तेव्हा त्यांनी खात्यांच्या यादीत हाताने अकरावी ओळ घातली, रजिस्टर पुढ्यात ओढलं आणि 'परत केली' असं न लिहिलेल्या पहिल्या नावाला फोन लावला.