न रडणाऱ्या लेकराची मला जास्त काळजी वाटते

गृहचौकशीला, म्हणजे लेकराची घरी काळजी कशी घेतली जाते ते बघायला, गेले आणि लेकरानं आईच्या पदराला धरून भोकाड पसरलं की मला बरंच वाटतं, कारण साधारण आठ-नऊ महिन्यांपासून अनोळखी माणसाला घाबरणं हे नीट वाढ होत असल्याचं लक्षण आहे. याउलट दीड वर्षाचं पोरगं सरळ माझ्या मांडीवर येऊन बसतं आणि शेजारची म्हणते "लई गोड आहे मॅडम, कुणाकडं बी जातंय", तेव्हा मी मुद्दाम थांबते, पडलं-लागलं तर हे कुणाकडे धावतं ते बघते. बालमानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी हेच शिकवलंय, आई गेल्यावर लेकरू किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं ते बघा.

आता आपल्या सोलापूरचं सांगते. पूर्व भागात विडी कामगारांची घरं, घरात बोलणं सगळं तेलुगू. एका अडीच वर्षांच्या मुलाच्या कागदावर "बोलत नाही, दुर्लक्ष झालेले दिसते" असं आलेलं. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, मान वर करायला वेळ नाही, पण पोरगं काही बोललं की हात चालू ठेवूनच ती उत्तर देत होती. तेवढ्यात ते आजीकडे गेलं आणि म्हणालं, "अव्वा, नीळ्ळु." म्हणजे आजी, पाणी. दोन शब्द जोडून मागणं, या वयात आपण हेच तर शोधतो! दारिद्र्य होतं, तंबाखूची धूळ होती, त्यावर काम करायलाच हवं, पण ते दुर्लक्ष नव्हतं.

अहवालातल्या अशा एका ओळीवर लेकरू घरात राहणार की बालगृहासारख्या संस्थेत जाणार हे ठरू शकतं म्हणून मी एवढं पोटतिडकीनं लिहितेय. २०१५ चा बाल न्याय कायदा पण सांगतो की संस्था हा शेवटचा उपाय. आणि त्याला आधार आहे, रोमानियात बुखारेस्टला २००० साली अनाथालयातल्या १३६ लहान मुलांवर अभ्यास सुरू झाला, निम्म्यांना पालक कुटुंबात, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात ठेवलं, ती मुलं पुढे सरस ठरली आणि जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांची जवळीक, बुद्धीची वाढ जास्त सावरली. संस्थेत जेवण मिळतं, कपडे मिळतात, पण पाळ्या बदलतात तशी उचलून घेणारी माणसं बदलतात.

अर्थात मारहाण, अत्याचार असेल तर लेकराला तिथून लगेच बाहेर काढायचं, तिथं दुमत नाही, मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करायचा. पण बाकी ठिकाणी लेकराला कुटुंबातच सांभाळायला पैशांची मदत देणाऱ्या सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा, पाळणाघर बघा, आजी-मावशी कोण आहे ते विचारा. आणि पूर्व भागात गृहचौकशीला जाताना तेलुगू येणारी एखादी अंगणवाडी ताई सोबत न्याच, लेकराशी आधी तिला बोलू द्या.